विश्लेषण : ऑफिसचा ‘बिझनेस कॅज्युअल’ म्हणजे नेमके काय? महिलांसाठीच हा नियम इतका अस्पष्ट का?

ऑफर लेटरपाठोपाठ येणाऱ्या सूचनांच्या ई-मेलमध्ये एक ओळ हमखास असते – ‘ड्रेसकोड : बिझनेस कॅज्युअल’. पुरुष उमेदवाराचा प्रश्न तिथेच मिटतो. कॉलरचा शर्ट, सुती पँट, बूट, काम झाले. महिला उमेदवाराचे प्रश्न मात्र तिथून सुरू होतात. कुर्ता चालेल का? त्यावर लेगिंग्ज चालतील की पँटच हवी? ओढणी घ्यायची की नाही? साडी नेसली तर ‘आज काय विशेष?’ असे विचारतील का? लातूर किंवा जळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून कॅम्पस प्लेसमेंट मिळवून हिंजवडीत रुजू होणाऱ्या मुलीकडे हे विचारायला ऑफिसातले ओळखीचे कुणी नसते. चुकीचा अंदाज बांधला तर पैसे वाया जातात आणि पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी शेऱ्याला तोंड द्यावे लागते. हा नियम आला कुठून, तो महिलांसाठी धूसर का राहिला, त्यात नेमके काय बसते आणि कंपनी किती सक्ती करू शकते, याचा हा आढावा.

‘बिझनेस कॅज्युअल’ आला कुठून?

या प्रकाराचे मूळ अमेरिकेतील हवाई बेटांवर सापडते. उष्ण हवेत सूट-टाय घालून काम करणे त्रासाचे होत असल्याने तिथल्या कापड व्यावसायिकांनी १९६२ मध्ये लोकप्रतिनिधींना फुलाफुलांचे ‘अलोहा शर्ट’ भेट दिले. १९६६ मध्ये ‘अलोहा फ्रायडे’ सुरू झाला. शुक्रवारी सैलसर कपडे घालून कामावर येण्याची ही पद्धत पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ‘कॅज्युअल फ्रायडे’ म्हणून रुजली.

पण सैल म्हणजे किती सैल, हे व्यवस्थापकांना कळेना. ही संधी ‘लेव्हाय स्ट्रॉस’ कंपनीने साधली. कंपनीचा ‘डॉकर्स’ हा खाकी सुती पँटचा ब्रँड १९८६ पासून बाजारात होता. १९९२ मध्ये कंपनीने ऑफिसात कॅज्युअल कपडे कसे घालावेत याची सचित्र पुस्तिका छापली आणि ती सुमारे २५ हजार मनुष्यबळ व्यवस्थापकांना पाठवली. गडद सूट आणि पांढऱ्या शर्टसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘आयबीएम’ने १९९५ मध्ये सूटचा आग्रह सोडला. पाठोपाठ इतरांनीही तोच मार्ग धरला.

म्हणजे बिझनेस कॅज्युअल ही संकल्पना पुरुषांच्या सूटमधून टाय आणि कोट वजा करून तयार झाली. सुरुवात कुठून होते हे ठाऊक असल्यामुळे पुरुषांसाठी किती वजा करायचे, हे सांगणे सोपे होते.

मग महिलांबाबत गोंधळ का?

कारण महिलांच्या बाबतीत ज्यातून वजाबाकी करायची, तो ठरलेला पोशाखच नव्हता. लेव्हायची पुस्तिका निघाली त्या काळात अमेरिकी सिनेटच्या सभागृहात महिलांनी पँट घालून येणेसुद्धा मान्य नव्हते. १९९३ मध्ये कॅरोल मोझली-ब्रॉन आणि बार्बरा मिकुल्स्की या दोन सिनेटर पँट घालून सभागृहात आल्या आणि त्याच वर्षी नियम बदलला. जिथे पँटबद्दलच वाद होता, तिथे पँटच्या अलीकडचे आणि पलीकडचे कोण ठरवणार?

भारतात हा नियम आयटी कंपन्यांबरोबर आला आणि गोंधळात आणखी एक थर चढला. इथल्या महिलांकडे ऑफिसच्या कपड्यांची स्वतःची परंपरा होती. बँकेत, टपाल खात्यात, शाळेत, मंत्रालयात सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस हाच रोजचा पोशाख. २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत पोहोचल्यावर रेशमी साड्या नेसून, केसांत गजरे माळून जल्लोष करणाऱ्या इस्रोच्या महिला कर्मचाऱ्यांचे छायाचित्र जगभर पाहिले गेले. आपल्याकडे त्यात कुणाला काही वेगळे वाटले नाही. पण परदेशी साच्यातल्या नियमावलीत ‘शर्ट, ट्राउझर, ब्लेझर’ लिहिलेले असते आणि कुर्त्याचा उल्लेख ‘एथनिक वेअर’ या एका शब्दात उरकलेला असतो. त्या शब्दात ऑफिसचा साधा कुर्ता येतो तसा लग्नाचा अनारकलीही येतो.

राज्य सरकारचे नियम काय सांगतात?

या बाबतीत सरकारी कागद खासगी कंपन्यांपेक्षा स्पष्ट निघाला. महाराष्ट्र सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबाबत परिपत्रक काढले. महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट आणि गरजेनुसार ओढणी, असे पर्याय त्यात दिले होते. जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपरला मनाई करण्यात आली आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरण्यास सांगण्यात आले. जीन्सवरील बंदी २०२१ मध्ये मागे घेण्यात आली. टी-शर्टची मनाई कायम राहिली.

मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठीही असेच निर्देश दिले. शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, ओढणी असा पेहराव ठरला. वकिलांचे नियम याहून नेमके आहेत. महिला वकिलांना साडी, लांब स्कर्ट किंवा सलवार-चुडीदार कुर्ता चालतो आणि ओढणी ‘असली तरी चालेल, नसली तरी चालेल’ असा खुलासा नियमातच आहे.

या नियमांशी सहमत असणे-नसणे हा वेगळा मुद्दा. पण वाचणाऱ्या महिलेला ओढणीचे उत्तर तिथे कागदावर मिळते. खासगी कंपन्यांत तेच उत्तर अनेकदा शेजारच्या टेबलावरच्या सहकारी महिलेकडून मिळवावे लागते.

आयटी कंपन्यांत सध्या काय चालते?

गेल्या दहा वर्षांत बंधने सैल झाली. ‘इन्फोसिस’ने जून २०१५ पासून आठवडाभर बिझनेस कॅज्युअलला मुभा दिली. करोनाकाळात घरून काम सुरू झाल्यावर ड्रेसकोड स्क्रीनवर दिसणाऱ्या भागापुरता उरला. कर्मचारी पुन्हा कार्यालयात परतू लागले तेव्हा, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ‘टीसीएस’ने कर्मचाऱ्यांना ड्रेसकोडची नव्याने आठवण करून दिली.

व्यवहारात मात्र एकाच कंपनीत दोन मजल्यांवर दोन नियम दिसतात. क्लायंट भेटायला येणाऱ्या मजल्यावर ब्लेझर आणि रात्रपाळीच्या सपोर्ट टीममध्ये जीन्स-टी-शर्ट. कारखान्याला लागून असलेल्या ऑफिसात निकष सुरक्षिततेचा असतो. फिरत्या यंत्राजवळ ओढणी, मोकळे केस, लांब कानातले धोक्याचे ठरतात, त्यामुळे शॉप फ्लोअरवर जाणाऱ्या महिला इंजिनीअरसाठी शर्ट, पँट आणि सेफ्टी शूज हाच योग्य पोशाख.

मग सोमवारी नेमके काय घालावे?

कंपनीने काहीच लिहून दिले नसेल तर सुरक्षित पर्याय तीन आहेत. पहिला, सरळ कटचा, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि त्याखाली सुती पँट, सिगारेट पँट किंवा चुडीदार. ओढणी ऐच्छिक. दुसरा, शर्ट किंवा साधा टॉप आणि ट्राउझर. तिसरा, सुती किंवा लिननची साडी. खादी, इकत, मंगळगिरी यांचे कुर्ते या चौकटीत सहज बसतात. खणाच्या कापडाचा कुर्ता किंवा बिनबाह्यांचे जाकीटही चालते, फक्त काठ बारीक हवा.

सहसा वाद होतो तो लेगिंग्जवरून. लांब कुर्त्याखाली त्या खपून जातात, आखूड टॉपखाली नाही. अनेक कंपन्या त्यांना ‘जिमचे कपडे’ मानतात. फाटक्या धाटणीची जीन्स, मोठी अक्षरे छापलेला टी-शर्ट, टिकल्या-आरशांचे काम, जाड जरी आणि घरातल्या रबरी चपला या गोष्टी पहिल्या आठवड्यात टाळलेल्या बऱ्या. साधी गडद जीन्स आणि स्लीव्हलेस कुर्ता कुठे चालतो, कुठे नाही. त्यामुळे आधी विचारून घ्यावे.

कपडा ऑफिसचा वाटतो तो ब्रँडमुळे नव्हे, मापामुळे. खांद्याची शिवण खांद्यावर बसली, बाही ओढली जात नसली आणि कपड्याला इस्त्री असली की साधा कुर्ताही नेटका दिसतो. विकत घेताना दुकानात चार गोष्टी तपासता येतात. कापडाच्या मागे हात धरून उजेडात पाहावे. बोटे स्पष्ट दिसली तर आत अस्तर किंवा स्लिप लागेल. कापड मुठीत दाबून सोडावे. सुरकुत्या तशाच राहिल्या तर बस-लोकलमधून उतरेपर्यंत काय होईल, याचा अंदाज येतो. घालून पाहिल्यावर खुर्चीत बसावे. उभे असताना ठीक वाटणारी कुर्त्याची चीर बसल्यावर वर सरकते. शर्ट असेल तर हात पुढे करून पाहावे. दोन बटणांमधली जागा उघडत असेल तर शिंप्याकडून आतून टिचबटण लावून घेता येते.

व्हिडिओ कॉलसाठी अगदी बारीक रेघांचा किंवा चौकड्यांचा कपडा टाळावा. कॅमेऱ्यात तो लहरींसारखा हलताना दिसतो. आणि मीटिंगमध्ये माइक चालू असेल तर बांगड्यांचा आवाज समोरच्याला आपल्या बोलण्याइतकाच स्पष्ट ऐकू जातो.

एसी, पाऊस आणि दुचाकीचे काय?

बिझनेस कॅज्युअलची परदेशी चित्रे पाहून कपडे घेतले की पुण्या-मुंबईतला प्रवास विसरला जातो. जून ते सप्टेंबर पांढरी लांब पँट आणि चिखलाचे शिंतोडे यांचे जमत नाही. व्हिस्कोस म्हणजे रेयॉनचे कापड अंगावर छान पडते, पण ओले झाले की कमजोर होते आणि सुकायलाही वेळ घेते. पावसाळ्यात पॉलिस्टर मिसळलेले सुती कापड आणि घोट्याच्या वर राहणारी पँट सोयीची. दुचाकीवर ओढणी मागे सोडणे धोक्याचे आहे, चाकात अडकून अपघात होतात. ती बॅगेत ठेवून ऑफिसात घेतलेली बरी. पावसाळी सँडल घालून यावे आणि चांगली जोडी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवावी, ही युक्ती अनेक जणी वापरतात.

ऑफिसात पोहोचल्यावर उलटी अडचण येते, ती थंडीची. यामागे शास्त्रीय कारण आहे. कार्यालयांतील तापमानाचे जुने निकष सुमारे ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर बेतलेले होते. ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील संशोधकांच्या अभ्यासानुसार, या पद्धतीत महिलांच्या शरीराची उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. म्हणजे शेजारचा सहकारी शर्टात निवांत असताना एखादी महिला शाल गुंडाळून बसते, तेव्हा तो तिचा नाजूकपणा नसतो. भारतात स्टार रेटिंगच्या एसींसाठी १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ही मूळ सेटिंग बंधनकारक आहे. तरीही रिमोट कुणाच्या हाती, यावर सारे ठरते. त्यामुळे काळे किंवा निळे साधे श्रग, कार्डिगन किंवा ब्लेझर खुर्चीवर कायम असलेला बरा. तो कुर्त्यावरही जातो आणि अचानक ठरलेल्या क्लायंट मीटिंगलाही उपयोगी पडतो.

पहिल्या पगाराआधी किती कपडे घ्यावेत?

नवख्या कर्मचाऱ्याने दहा नवे ड्रेस घेण्याची गरज नसते. गणित जोड्यांचे आहे. चार कुर्ते किंवा टॉप आणि काळी, निळी, फिकट तपकिरी अशा तीन पँट घेतल्या तर बारा जोड्या होतात. त्यातल्या दोन-तीन न जुळणाऱ्या वगळल्या तरी पाच दिवसांच्या आठवड्यात जवळपास दोन आठवडे तीच जोडी पुन्हा येत नाही. पूर्ण सेट घेतले तर सात कपड्यांतून इतके पर्याय मिळत नाहीत.

दुसरे गणित वापराचे. समजा, ६०० रुपयांचा कुर्ता दहा धुण्यांत विटला, तर एका वेळेचा खर्च ६० रुपये पडला. १,८०० रुपयांचा कुर्ता साठ वेळा वापरता आला, तर तो ३० रुपयांना पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, हेही किमतीचे लेबल पाहताना लक्षात ठेवावे. हिंदमाता, लक्ष्मी रोड किंवा सीताबर्डीहून कापड घेऊन शिवून घेणे अनेकदा स्वस्त पडते. मोठा फायदा म्हणजे माप बरोबर येते आणि खिसा हवा तेवढा मिळतो. महिलांच्या तयार पँटचे खिसे लहान असतात, ही केवळ तक्रार नाही. ‘द पुडिंग’ या संकेतस्थळाने २०१८ मध्ये मोठ्या ब्रँडच्या जीन्स मोजल्या, तेव्हा महिलांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या तुलनेत सरासरी ४८ टक्के आखूड निघाले.

कंपनी कपड्यांची सक्ती करू शकते का?

खासगी कंपनीने महिलांना काय घालायला लावावे, यावर भारतात स्वतंत्र कायदा नाही. कामाच्या स्वरूपाला धरून ड्रेसकोड ठरवण्याची मुभा कंपनीला असते. मात्र त्या नावाखाली मनमानी दंड लावता येत नाही. वेतनविषयक कायद्यानुसार दंड कोणत्या चुकांसाठी, हे आधी सरकारची मंजुरी घेऊन जाहीर करावे लागते, कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि दंडाची एकूण रक्कम एका वेतन कालावधीतील वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये.

इतर देशांत हा वाद टाचांवरून पेटला. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमधील एका कार्यालयात रिसेप्शनिस्ट म्हणून आलेल्या निकोला थॉर्प यांना उंच टाचांचे बूट नसल्याने घरी पाठवण्यात आले. त्यांच्या याचिकेवर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. स्त्री-पुरुषांचे कपडे सारखेच हवेत असे नाही, पण दोघांवरचा भार सारखा हवा, असा त्यांचा आशय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ मध्ये उंच टाचांची सक्तीच बेकायदा ठरवली. जपानमध्ये युमी इशिकावा यांनी २०१९ मध्ये ‘कुटू’ मोहीम चालवली. जपानीत ‘कुत्सु’ म्हणजे बूट आणि ‘कुत्सू’ म्हणजे वेदना, त्यावरून हे नाव पडले.

कपड्यांवरून शेरे मारले तर?

‘ड्रेसकोडमध्ये हे बसत नाही’ असे सांगणे आणि शरीरावरून टिप्पणी करणे यांत फरक आहे. पहिली सूचना नियमाबद्दल असते, ती खासगीत आणि नियम दाखवून द्यायला हवी. दुसरी टिप्पणी लैंगिक स्वरूपाची आणि नकोशी असेल, तर ती २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते आणि सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘तिने कपडेच तसे घातले होते’ हा या कायद्यात बचाव नाही.

चांगला ड्रेसकोड कसा असतो?

‘जनरल मोटर्स’च्या प्रमुख मेरी बारा मनुष्यबळ विभाग सांभाळत असताना त्यांनी दहा पानांचा ड्रेसकोड काढून टाकला. त्याजागी फक्त ‘योग्य कपडे घाला’ अशा अर्थाचे दोन शब्द ठेवले. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हरकत घेतली. आपल्या टीमला अचानक सरकारी अधिकाऱ्यांना भेटावे लागते, तेव्हा जीन्समध्ये कसे जायचे, हा त्याचा प्रश्न होता. बारा यांनी त्याला टीमशीच बोलायला सांगितले. टीमने उत्तर शोधले – फॉर्मल पँट लॉकरमध्ये ठेवायची.

ही गोष्ट नेहमी कमी नियमांच्या बाजूने सांगितली जाते. पण दोन शब्द पुरले, कारण तिथे टीमने एकत्र बसून अर्थ ठरवला. जिथे तसे बोलणे होत नाही, तिथे तेच दोन शब्द नव्या मुलीसाठी कोडे ठरतात. तिच्यासाठी दहा पाने नकोत, अर्धे पान पुरेल. कुर्ता, साडी, लेगिंग्ज, जीन्स, ओढणी, स्लीव्हलेस, चपला यांची नावे घेऊन ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढेच त्यात लिहायचे. गरोदरपण, दुखापत आणि धार्मिक पोशाखासाठी सवलत कुणाकडे मागायची, तेही नमूद करायचे.

असे अर्धे पान मिळाले नसेल, तर रुजू होण्याआधी एचआरला ई-मेल करून ते मागण्यात गैर काही नाही. ‘महिला कर्मचारी साधारणपणे काय घालतात आणि काय चालत नाही, हे कृपया लेखी कळवावे’ एवढी एक ओळ पुरते. तोंडी उत्तर माणसागणिक बदलते, लेखी उत्तर पुढच्या तुकडीतल्या मुलींच्याही उपयोगी पडते. खरेदीला मात्र ते उत्तर आल्यावरच निघावे.